अकरा सेशन आणि एक कूलर: ऑनलाइन ट्रॉमा थेरपीचा माझा हिशेब

पुण्याच्या थेरपिस्ट मॅडमना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला कूलरचा त्रास होतो." त्यांनी विचारलं, "पाणी फार गार लागतं का?" त्यांच्या डोळ्यांसमोर ऑफिसातला पिण्याच्या पाण्याचा कूलर होता. नागपूरचा कूलर समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली. लोखंडी डबा, तिन्ही बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, वरून पाणी झिरपतं, आतला पंखा ती ओली हवा खोलीत फेकतो. एप्रिल ते जून हा ओला वास आमच्याकडे घरात, दुकानात, बँकेत, मंगल कार्यालयात, जिथे जाल तिथे असतो. दीड तासाच्या सेशनचे अठराशे रुपये, म्हणजे मिनिटाला वीस. शंभर रुपये कूलर समजावण्यात गेले म्हणून मी मनातल्या मनात चिडले होते. पाच मिनिटं त्या वासाबद्दल बोलूनही मी खुर्चीतून उठले नाही, हे त्यांनी नंतर दाखवून दिलं.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्यावर लैंगिक अत्याचार झाला. माणूस ओळखीचा होता. त्या खोलीत कूलर चालू होता. कोण, कुठे, आणि पोलिसात पुढे काय झालं, यातलं काही इथे लिहिणार नाही. मी एका सीएच्या ऑफिसात काम करते आणि दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासते, म्हणून हा रिव्ह्यूही तसाच होईल: कशाला किती पैसे गेले, त्यातून काय मिळालं, काय बुडालं. नावं देणार नाही. मॅडमकडे नागपूरच्या बाया मोजक्याच असतील, त्यांचं नाव दिलं तर मी ओळखू येईन. ज्या ॲपने मला बुडवलं त्याचं नाव देऊनही फायदा नाही, त्याच्यासारखी दुसरी दहा आहेत.

आधी तेच सांगते. घटनेनंतर नवव्या दिवशी, रात्री एक वाजता, मी एका ॲपचं महिन्याचं पॅकेज घेतलं. दोन हजार चारशे नव्याण्णव रुपये, 'अनलिमिटेड चॅट'. पलीकडे 'प्रशिक्षित श्रोता'. पहिल्या पाच मिनिटांत त्या श्रोत्याने लिहिलं की सगळं सुरुवातीपासून सांगा, मन मोकळं करा, बरं वाटेल. मी अंगठे दुखेपर्यंत टाइप केलं. उत्तर आलं, "यू आर सो स्ट्राँग", आणि सोबत एक सूर्यफूल. दुसऱ्या दिवशी श्रोता बदलला होता, त्याने पुन्हा सुरुवातीपासून विचारलं. तिसऱ्यानेही तेच. दोन दिवसांत तीनदा मी ते सगळं लिहून काढलं आणि तिसऱ्या रात्री पहाटे साडेचारपर्यंत जागी होते. डॉक्टरकडे गेलात का, आत्ता सुरक्षित आहात का, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. चौथ्या दिवशी भाऊ माझ्या फोनवर आयपीएलचा स्कोअर बघत असताना वर नोटिफिकेशन झळकलं: 'आज तुमच्या मनात काय चाललंय?' भाऊ म्हणाला, "हे काय नवीन?" मी म्हटलं, जाहिरात. ॲप काढून टाकलं. पैसे परत मिळाले नाहीत, अटींमध्ये तसं लिहिलंच होतं. दुसऱ्यांचे करार वाचून पोट भरणारी मी, स्वतःची अट वाचायची विसरले.

'मन मोकळं कर' हे आपल्याकडे औषधासारखं सांगतात, म्हणून मला तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा आघातांनंतरच्या उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. घटना घडली की लगेच माणसाला बसवून सगळं एकदमात वदवून घ्यायचं, त्याला डीब्रीफिंग म्हणतात. त्रास पुढे वाढू नये म्हणून ते करू नका, असं त्यात म्हटलंय. हे मॅडमनी सांगितलं. आपणहून बोलावंसं वाटलं तर बोलावं, कुणी अडवत नाही. मी वहिनीजवळ बोललेच होते, आणि ते बरं झालं. पण वहिनीने 'मग काय झालं' असं एकदाही विचारलं नाही. ती फक्त माझ्या ताटात भाजी वाढत राहिली.

त्याच सूचनांमध्ये असंही आहे की पहिल्या महिन्यात या धक्क्याच्या लक्षणांसाठी बेंझोडायझेपाइन गटातल्या झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या देऊ नयेत. आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी मला तशीच गोळी लिहून दिली होती. त्यात त्यांचा दोष नाही. "ऑडिटचं टेन्शन आहे, झोप लागत नाही," हे मीच त्यांना सांगितलं होतं.

मे महिन्यातल्या एका रात्री, दोन वाजून चाळीस मिनिटांनी, मी १४४१६ लावला. ही टेली मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडून एका बाईने आधी विचारलं, "आत्ता तुम्ही सुरक्षित आहात ना? घरात कोण कोण आहे?" मग विचारलं, "डॉक्टरकडे जाऊन आलात का?" मी गेले होते, दुसऱ्याच दिवशी, वहिनीच सोबत होती. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती मला मिळाली होती. पण ॲपवाल्या तिघांच्या भरवशावर एखादी मुलगी राहिली असती तर तिची ती वेळ निघून गेली असती, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिते आहे. सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने अशा वेळी ताबडतोब आणि फुकट उपचार द्यायचे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ते कायद्यातच आहे. पण तुम्ही तक्रार द्या किंवा देऊ नका, उपचार त्यासाठी अडवता येत नाहीत.

फोनवरच्या बाईने मला थेरपी दिली नाही, देते असं म्हटलंही नाही. कुणाला शोधायचं ते सांगितलं: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असलेली, आणि ट्रॉमावर नेमकी कोणती पद्धत वापरता या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी. मी वहीत लिहून घेतलं. नंतर चार जणींना फोन केले. एकीने सांगितलं, "आपण होलिस्टिक अप्रोच घेऊ." तिचं नाव खोडलं.

नागपुरात कुणी नाही असं समजू नका. चांगली माणसं आहेत. पण ओळखीतून ज्या दोघांची नावं सुचवली गेली, त्या दोघांचेही रिटर्न आमच्याच ऑफिसात भरले जातात. धरमपेठेतल्या वेटिंग रूममध्ये मी बसले असते तर शेजारी आमचाच एखादा क्लायंट निघाला असता. आणि आईच्या लेखी या विषयाचं एकच ठिकाण, छिंदवाडा रोडवरचं मनोरुग्णालय. ज्या गावात 'पागलखाना चौक' हे बोलायचं नाव आहे, तिथे मानसोपचाराला जाते असं आईला सांगायचं कसं? तिला मी अजूनही सांगितलेलं नाही.

म्हणून ऑनलाइन, आणि पुण्याच्या मॅडम. पण ऑनलाइन म्हणजे घरातूनच आलं, आणि घरात खोली लागते. आमचं घर मानेवाड्याला, वरच्या मजल्यावर माझी खोली, तिच्या खिडकीत कूलर. तो मी एप्रिलपासून लावूच दिला नव्हता. "ताई, कूलर काऊन बंद ठेवून राहिल्या जी? आईचा जीव घाबरून राहिला गर्मीनं," असं वहिनी आईसमोर मोठ्याने म्हणायची, आणि आई खाली गेली की हळूच टेबलफॅन आणून ठेवायची. बुधवारी रात्री साडेआठचं सेशन ठरलं, कारण तेव्हा आईची सीरियल मोठ्या आवाजात चालू असते. रविवारी सकाळी सात, कारण तेव्हा सगळे झोपलेले असतात. दाराला आतून कडी लावणं मला जमत नव्हतं, म्हणून वहिनी बाहेर गॅलरीत वर्षाचे गहू निवडत बसायची. सुपाचा आवाज थांबला की समजायचं, कुणीतरी वर येतंय. दिवसा ४४ अंशांनी तापलेलं घर, आत टेबलफॅन, मानेवर ओला नॅपकिन, आणि लॅपटॉपवर पुण्याची स्वेटर घातलेली बाई. पहाटे पाऊस पडून गेला होता म्हणे त्यांच्याकडे. पुण्याबद्दल मला आणखी काही बोलायचं नाही.

पहिल्या कॉलमध्ये मॅडमनी दोन गोष्टी विचारल्या, त्या प्रत्येक ऑनलाइन थेरपिस्टने विचारायला हव्यात. "ज्या माणसामुळे हे झालं तो या घरात राहतो किंवा येतो का?" येत असेल तर त्या घरातून स्क्रीनवर बोलणं धोक्याचं, आधी दुसरी जागा शोधायची. आणि "आज तुम्ही कुठून बोलताय, पत्ता सांगा." हे दर सेशनला. मध्येच काही झालं तर मदत कुठे पाठवायची ते त्यांना ठाऊक हवं. वहिनीचा नंबर फॉर्मवर घेतला. अठरा वर्षांखालच्या मुलीची बाब असेल तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, हेही त्या फॉर्ममध्ये आधीच छापलेलं होतं. ॲपमध्ये यातलं काही नव्हतं, तिथे सूर्यफूल होतं.

मग त्यांनी आघातानंतरची लक्षणं मोजायची वीस प्रश्नांची एक फूटपट्टी लावली, पीसीएल-५. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार, एकूण ऐंशी. माझे अठ्ठावन्न आले. आयुष्यात पहिल्यांदा जास्त मार्क पडल्याचं वाईट वाटलं. पण त्याच बैठकीत त्यांनी १९९२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाची गोष्ट सांगितली, आणि ती मला अठराशे रुपयांची वाटली. बलात्कारानंतर साधारण बाराव्या दिवशी तपासलेल्या ९४ टक्के बायांमध्ये ही सगळी लक्षणं होती. तीन महिन्यांनी ४७ टक्क्यांत उरली. म्हणजे नवव्या दिवशी मी वेडी झाले नव्हते, त्या दिवशी जवळजवळ सगळ्याच तशा असतात. आणि अर्ध्याहून अधिक जणी तीन महिन्यांत त्यातून बाहेर येतात. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, हे नावसुद्धा लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच लावतात, त्याआधी लावत नाहीत.

"मग मी तीन महिने थांबू का?" मी विचारलं. पैसे वाचतील, असा विचार मनात होताच. यावर त्यांचं उत्तर सरळ नव्हतं, आणि मला ते म्हणूनच पटलं. नेदरलँड्समध्ये अलीकडेच बलात्कार झालेल्या बायांना पहिल्या महिन्यातच ईएमडीआरची, म्हणजे आठवण मनात धरून डोळे इकडून तिकडे फिरवायला लावणाऱ्या थेरपीची, दोन सेशन देऊन पाहिली होती. २०२१ साली निकाल आला: नुसतं लक्ष ठेवून थांबण्यापेक्षा पीटीएसडीची लक्षणं त्याने जास्त कमी झाली नाहीत. दुसरीकडे स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटने घटनेपासून दोन महिन्यांच्या आत टाळलेल्या गोष्टींना सामोरं जायला शिकवणारा तीन आठवड्यांचा एक्स्पोजर कोर्स इंटरनेटवरून दिला, सगळ्या प्रकारच्या आघातांसाठी, आणि त्याचा फायदा दिसला. तेव्हा 'जितकं लवकर तितकं बरं' असं छापील वाक्य त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचे पाच आठवडे झालेत. आकडा अठ्ठावन्न आहे आणि खाली येत नाहीये. तुम्ही बँकेत जात नाही, ऑफिसातून तीनदा लवकर निघालात. आता थांबण्यात मला फायदा दिसत नाही."

पद्धतीचं नाव प्रोलाँग्ड एक्स्पोजर. एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेली. साधी आहे, म्हणजे समजायला साधी. ज्या गोष्टी धोक्याच्या नाहीत पण आपण टाळतो, त्यांची यादी करायची, प्रत्येकीला शून्य ते शंभर त्रास-मार्क द्यायचे, आणि खालून वर एकेक करत जायचं. त्रास उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. आणि सेशनमध्ये डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात बोलायची, ते रेकॉर्ड करायचं, आणि ते रेकॉर्डिंग रोज ऐकायचं. मी म्हटलं, तीन श्रोत्यांना तेच तर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तिथून तुम्ही एकट्या परत येत होता.

माझी यादी जवळजवळ कूलरचीच झाली. फोनवर कूलरचा फोटो, २०. बंद कूलरजवळ उभं राहणं, ३५. कोरडी ताटी हातात, ५०. ओली ताटी, ८०. पंप आणि पंखा चालू, दार उघडं, ९०. दार बंद, १००. मॅडमना वाटत होतं, दर आठवड्याला एक पायरी घेऊ. मी त्यांना कॅलेंडर दाखवलं. "मॅडम, मृग लागला की हवा दमट होते, मग कूलर काही कामाचा नाही. लोक झाकून ठेवतात. मग मी बसू कुणासमोर?" त्या हसल्या, आणि आठवड्यातून दोन सेशन ठरली. पावसाच्या आत पेरणी उरकावी तशी आमची घाई.

ओल्या ताटीचा दिवस सांगते. शनिवार, दुपारचे तीन. वहिनीने एक ताटी सोडवून बादलीत भिजवली आणि गॅलरीतल्या धुण्याच्या दगडावर ठेवली. मी समोर पाटावर, हातात ऑफिसची वही. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा होता. ८०. ८५. ८५. घशात काहीतरी अडकलं होतं आणि डाव्या पायाची बोटं आखडली होती. ८५. वहिनी म्हणाली, "ताई, उठवू का?" मी मान हलवली, नाही. ७०. इथे एक गंमत झाली. मी त्या वासाकडे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं, तर तो सबंध एक वास नव्हताच. वरचा पाण्याचा, खालचा कुजक्या काडीचा, आणि मध्ये कुठेतरी गंजाचा. त्या खोलीतला वास मला आठवत होता तो यापेक्षा फार मोठा होता. ६५. चाळिसाव्या मिनिटाला मला भूक लागली. आकडा लिहायचा तर मी लिहिलं 'भूक', आणि मग खोडून ४०. सकाळचे गार झालेले आलूपोहे तिथेच ताटीसमोर बसून खाल्ले. पुढच्या सेशनला मॅडमनी वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावली आणि 'भूक' हा खोडलेला शब्द वाचून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

सोपं होतं असं समजू नका. डोळे मिटून बोलायची पहिली दोन सेशन झाली आणि स्वप्नं वाढली. असं होऊ शकतं हे त्यांनी आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच सोडलं असतं. चौथ्या सेशनपर्यंत त्यांना माझे पाय दिसत नव्हते, ही ऑनलाइनची मोठी उणीव. चेहऱ्याने मी शांत, आवाज रिटर्न वाचल्यासारखा, आणि टेबलाखाली चप्पल चिरडत होते. समोरासमोर बसलेल्या बाईला ते पहिल्या दिवशी दिसलं असतं. मीच सांगितल्यावर त्यांनी लॅपटॉप लांब ठेवायला लावला. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून लांब ठेवा.

रेकॉर्डिंगचं प्रकरण वेगळंच. अडतीस मिनिटांची फाइल, रोज ऐकायची. ती मी जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनमध्ये ठेवली, नाव दिलं 'जीएसटी मार्च'. त्या नावाची फाइल आमच्या घरात कुणी उघडणार नाही. पण एके दिवशी सकाळी गच्चीवर मी ब्लूटूथचे इयरफोन लावले आणि फोन खाली हॉलमधल्या भावाच्या स्पीकरला जोडला गेला. दोन सेकंद. माझाच आवाज, "मी दाराकडे बघते आहे", आणि मी फोन आपटल्यासारखा बंद केला. खाली आई म्हणाली, "कोण बोलून राहिलं?" वहिनी म्हणाली, "रेडिओ होय." मॅडमच्या सूचनांच्या कागदावर इंटरनेट, प्रकाश, खुर्ची सगळं होतं. वायरचे इयरफोन वापरा, हे नव्हतं. आता आहे, मी लिहायला लावलं.

एकदा डोळे मिटून बोलताना, बरोबर नको त्या ठिकाणी, वादळाने लाइन गेली आणि वायफाय बंद. अंधार, उकाडा, आणि मी अर्ध्या वाक्यात. ठरलेलं होतं की कॉल तुटला तर त्या दोन मिनिटांत साध्या फोनवर लावतील. फोन आला. मी घड्याळ पाहिलं होतं, पन्नास सेकंद. या एका गोष्टीसाठी पाचपैकी पाच.

त्या 'नको त्या ठिकाणा'ला त्या हॉटस्पॉट म्हणायच्या, आणि पुढची तीन सेशन तेवढाच भाग पुन्हा पुन्हा. माझ्या हॉटस्पॉटमध्ये काही भयंकर घडत नाही. तिथे मी फक्त गप्प आहे. ओरडत नाही. कूलरच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसतं हे खरं, पण मी तोंडच उघडलं नाही. महिनाभर मी स्वतःला हेच विचारत होते, आणि उत्तर आलं नाही की स्वतःलाच दोषी धरत होते. मॅडम म्हणाल्या, भीतीने शरीर थिजतं, ते ठरवून होत नाही. ते मला वाचून माहीत होतं, पण आत उतरत नव्हतं.

उतरलं ते बाबांमुळे. बाबा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात कारकून होते, आता नाहीत. जेवताना ते जुन्या केसेस सांगायचे, त्यातली एक मथुरा केस. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि म्हटलं की भीतीने निमूटपणे शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केल्याचं पटलं नाही. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. बाबा ही गोष्ट सांगताना दर वेळी आपल्या खंडपीठाचं वाक्य जरा ताणून सांगायचे, जसं काही त्यांनीच लिहिलं होतं. सातव्या सेशनमध्ये मी डोळे मिटून त्या ठिकाणी आले आणि बोलता बोलता म्हणाले, "मी निमूट आहे. हे म्हणजे हो नाही." मॅडमनी विचारलं, हे कुठून आलं? मी म्हटलं, वडिलांच्या ऑफिसातून.

आता हिशेब. अकरा सेशन गुणिले अठराशे, एकोणीस हजार आठशे. ॲपचे बुडालेले दोन हजार चारशे नव्याण्णव. वायरचे इयरफोन, तीनशे. माझ्या मेडिक्लेममध्ये ओपीडी नाही, त्यामुळे तिकडून शून्य. आकडा अठ्ठावन्नवरून जुलैअखेर एकवीसवर आला. शून्य होत नाही. बंद दार अजून मला आवडत नाही आणि ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये मी दार उघडं ठेवूनच जाते. पण १३ जूनला, पावसाच्या दोन दिवस आधी, माझ्या खोलीत कूलर लावून, दार लावून, पाऊण तास बसले. आईला वाटलं, पोरीचं डोकं ठिकाणावर आलं.

तक्रारी: बँकेच्या स्टेटमेंटवर पैसे ज्या नावाने कापले जातात त्यात 'ट्रॉमा' हा शब्द होता, आणि माझं खातं आईसोबत जॉइंट आहे. मी सांगितल्यावर दुसरा खाते क्रमांक दिला, पण ते आधीच सुचायला हवं होतं. पावतीवर तारीख चुकीची, दोनदा. मराठी चांगलं, पण फॉर्म इंग्रजीत. वीस प्रश्न त्यांनी मराठीत वाचून दाखवले, म्हणून निभावलं. ज्या मुलीला इंग्रजी येत नाही तिने तो फॉर्म एकटीने भरायचा कसा? आणि अठराशे ही रक्कम माझ्या पगाराला झेपली, आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला झेपणार नाही. तिला मी १४४१६ लिहून दिलाय, आणि महिलांसाठीच्या १८१चा नंबरही.

आता मार्च आहे. काल वहिनी आणि मी सक्करदऱ्याला ताट्या आणायला गेलो. दुकानदाराने ताटी नाकाशी धरून दाखवली, "घ्या ताई, असली खस, वास पाहा." मी वास घेतला. मनातल्या वहीत तीस लिहिले. वहिनीने दुकानदाराशी घासाघीस करून तिन्ही ताट्यांमागे साठ रुपये कमी करून घेतले. येत्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मॅडमकडे एक सेशन धरून ठेवलंय, बुधवार, साडेआठ. फी तीच आहे का, ते विचारायचं राहिलंय.